पुजाऱ्याची सनद

ज्याने कळू लागल्यापासून देवापुढे मनोभावे हात जोडले नाहीत, गणपतीच्या आरतीला जो दाराशी उभा राहून केवळ झांजांचा ताल ऐकतो, आणि ज्याच्या मुंजीतले जानवे कॉलेजच्या पहिल्या वर्षालाही पोहोचले नाही, अशा गृहस्थाने दर रविवारी दुपारी मित्राच्या दिवाणखान्यात जाऊन चार-पाच तास एका देवाचा पुजारी म्हणून बोलावे, दुष्टांना शाप द्यावेत आणि घायाळ सोबत्यांच्या मस्तकी हात ठेवून त्यांना बरे करावे, यात काहीतरी विसंगती आहे असे माझ्या पत्नीचे मत आहे. आणि तिची मते सहसा साधार असल्यामुळे या प्रश्नाचा थोडा विचार करणे मला प्राप्त झाले आहे.

खेळ अमेरिकन आहे. त्याचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. खेळणारे ‘डी अँड डी’ एवढ्यावर भागवितात. विम्याच्या कंपनीतील नोकरी सुटल्यावर जोडे दुरुस्त करून प्रपंच चालविणारा गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटा राज्यातील डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला, आणि १९७४ साली विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा या लहानशा गावातून तो प्रसिद्ध झाला: एका पेटीत तीन पातळ पुस्तिका, आणि अशा पेट्या एक हजार. लुटुपुटीच्या लढायांत पटावर सैन्ये मांडणारे जे छांदिष्ट तेव्हा तिकडे होते त्यांच्यापैकीच हे दोघे. परंतु सबंध पलटण हलविण्याऐवजी प्रत्येकाने एकाच माणसाची भूमिका घ्यावी, त्याचे नाव, गाव, भय आणि लोभ आपलेसे करावेत, आणि पुढे काय घडेल हे कोणालाही आधी ठाऊक नसावे, ही जी कल्पना त्यांनी रुजविली तिने खेळाचे स्वरूपच पालटले. एक जण जग उभे करतो. त्याला जगभर ‘डीएम’ म्हणतात, आम्ही सूत्रधार म्हणतो. बाकीचे आपापले पात्र काय करते ते सांगतात, आणि जिथे यश-अपयशाचा संशय असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात.

कोकणात ज्यांचे आजोळ आहे त्यांना यात फारसे नवल वाटू नये. सिंधुदुर्गातील गावोगावच्या जत्रांतून रात्र-रात्र चालणारा दशावतार मी लहानपणी झोपेशी झगडत पाहिलेला आहे. त्या नटांपाशी लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणते आणि प्रवेश कोणाकोणाचे एवढे आधी ठरते, आणि मग नारद काय बोलणार व त्यावर राजा काय उत्तर देणार हे त्या दोघांच्या तयारीवर आणि हजरजबाबीपणावर सोडून दिलेले असते. दिवसा शेतात राबणारा मनुष्य रात्री शेला सावरून विष्णू म्हणून उभा राहतो आणि पहाटे पुन्हा घरचा रस्ता धरतो, याचे त्याला किंवा गावाला कधी ओझे वाटलेले मी पाहिले नाही. आम्ही शहरी मंडळी तेच करतो, फक्त रंग न लावता आणि खुर्चीवर बसून.

फाशाविषयी मात्र एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. फासा आपल्याकडे पुरातन आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याच्या पश्चात्तापाचे एक सबंध सूक्त आहे, आणि त्या सूक्तातले फासे म्हणजे बेहड्याची फळे. इतक्या शतकांत फाशाचा आकार सुधारला, माणूस होता तिथेच आहे. आमच्या मेळाव्यात एक अभियंता आहे. तरुणपणी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या शिबिरांतून त्याने जळता कापूर जिभेवर ठेवून बुवाबाजीचे बिंग फोडलेले आहे. राशिभविष्याचे नाव काढताच त्याच्या कपाळाची शीर उडू लागते. हा मनुष्य आपल्या निळ्या फाशाला दुसऱ्याला हात लावू देत नाही. ज्या फाशाने ऐन मोक्याच्या क्षणी एक पाडला त्याला तो एका डबीत कैदेत टाकतो आणि पुढचे दोन-तीन रविवार सोडीत नाही. फाशाचे वजन एका बाजूला झुकलेले नाही ना हे पाहण्यासाठी त्याने तो मिठाच्या दाट पाण्यात तरंगवूनही पाहिला होता, फासा निर्दोष ठरला होता, प्रत्येक आकडा पडण्याची शक्यता शंभरात पाच, हे त्यानेच आम्हाला कागदावर मांडून दाखविले होते. तरीही कैद कायम आहे. “ते गणित वेगळं आणि हे वेगळं,” असे तो म्हणतो. मी त्याला हसत नाही, कारण माझाही एक फासा आहे आणि टाकण्यापूर्वी मी त्यावर फुंकर घालतो.

आता पुजाऱ्याकडे वळू. मूळ पुस्तिकांत पात्रांचे तीनच वर्ग होते: योद्धा, मांत्रिक आणि ‘क्लेरिक’ म्हणजे पुजारी. या तिसऱ्याच्या जन्माची कथा मोठी उद्बोधक आहे. आर्नेसनच्या घरगुती खेळात, ज्याचे नाव ‘ब्लॅकमूर’, एक खेळाडू रक्तपिपासू व्हँपायरची भूमिका घेऊन इतका प्रबळ झाला की इतरांना खेळणे मुष्किल झाले. तेव्हा भयपटांत व्हँपायरचा माग काढणारे जे धर्मनिष्ठ शिकारी असतात त्यांच्या धर्तीवर हे नवे पात्र योजावे लागले. म्हणजे या विश्वात धर्माची स्थापना झाली ती पोलिसी बंदोबस्त म्हणून. देव त्या वेळी नव्हतेच. पुजारी आहे, त्याने धारेचे शस्त्र वापरू नये असा निर्बंध आहे, काठीचा सर्प करणे, टोळधाड आणणे, मेलेल्यास उठविणे अशी बायबलातून उचललेली सामर्थ्ये त्याला बहाल आहेत, परंतु तो कोणाचा पुजारी हा तपशील त्या पुस्तिकांनी भरलेला नाही. देवांची नेमणूक मागाहून झाली.

माझा पुजारी लाथँडर नावाच्या उषःकालाच्या देवाचा उपासक आहे. हा देव ‘फरगॉटन रेल्म्स’ नावाच्या जगातला. एड ग्रीनवुड या कॅनेडियन ग्रंथपालाने बालपणापासून मनात बाळगलेले हे जग १९८७ साली खेळासाठी पुस्तकरूपाने आले. तिथे देवांच्या अस्तित्वाविषयी वादच नाही. देव बोलतात, रागावतात, एकमेकांचे खून करतात, आणि पुजाऱ्याला रोज पहाटे प्रार्थनेच्या बदल्यात ठरावीक सामर्थ्ये ठरावीक संख्येने पोहोचती करतात. पहिल्यांदा हा पुजारी खेळू लागलो तेव्हा मला वाटले होते की आयुष्यभर जे मला जमले नाही ते, म्हणजे श्रद्धा, निदान सोंग म्हणून तरी अंगात भिनेल. झाले ते निराळेच. माझ्या पुजाऱ्याचा दिनक्रम हुजूर कचेरीशी बांधलेल्या एखाद्या इनामदारासारखा आहे. पहाटे दरखास्त गुदरायची. वरून आपल्या पायरीप्रमाणे मोईन मंजूर होते. पहिल्या दर्जाच्या सिद्धी इतक्या, दुसऱ्या दर्जाच्या तितक्या, असा हिशेब दप्तरी रुजू असतो. खर्च झाली ती बाब उद्यापर्यंत तहकूब. आणि गैरवर्तन घडल्यास सनद जप्त. या व्यवहारात निष्ठा आहे, शिस्त आहे, वेळप्रसंगी कृतज्ञताही आहे. पण ज्याला श्रद्धा म्हणतात त्या वस्तूला इथे जागाच उरलेली नाही. ज्याची सही-शिक्क्याची पावती दररोज हाती पडते त्याच्यावर श्रद्धा कशी ठेवणार?

हा प्रश्न मला टेबलापाशी बसल्या बसल्या पडला आणि त्याने माझी चांगलीच अडचण केली. माझे नास्तिक्य वडिलोपार्जित आहे. वडिलांच्या कपाटात आगरकरांच्या ‘सुधारक’मधील निबंध होते, र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’चे काही जुने अंक होते, आणि त्या कपाटापाशी वाढलेल्या मुलाने देवाविषयी जी पहिली आणि शेवटची मागणी केली ती पुराव्याची होती. पुरावा आणा, मी मानतो. हे वाक्य मी इतक्यांना ऐकविले आहे की त्याची धार मला स्वतःला जाणवेनाशी झाली होती. आणि इथे, या कल्पित जगात, माझी मागणी शब्दशः मान्य झालेली होती: पुरावा रोज पहाटे घरपोच येत होता. त्या पुराव्यातून उत्पन्न झाली होती ती नोकरी. आस्तिक माणूस ज्याच्यासाठी पहाटे उठतो ते काय आहे याचा त्या पुराव्याने मला काडीमात्र उलगडा झाला नाही. उलट ते जे काही आहे ते पुरावा नसतानाच संभवते, असा संशय मात्र प्रथमच आला.

आपल्याकडच्या मीमांसकांना, गंमत म्हणजे, या सनदी धर्माचे वावडे वाटले नसते. यज्ञकर्मावर ज्यांची निष्ठा सर्वांत कडक, त्या पूर्वमीमांसेच्या आचार्यांनी देवतेला फार थोडी जागा ठेविली: शबरस्वामींनी आपल्या भाष्यात देवतांना शरीर नाही, त्या हविर्भाग खात नाहीत, असे प्रतिपादिले, आणि कुमारिलभट्टांनी सृष्टिकर्त्या ईश्वराची कल्पनाच खोडून काढली. कर्म यथाविधी झाले की फळ मिळते; मध्ये कोणी प्रसन्न होण्याची आवश्यकता नाही. इतक्या कडेकोट नियमांची वही हाती असताना त्यांना देव लागला नाही, आणि आम्हाला इतकी जाडजूड नियमावली असूनही देव ठेवावे लागले, याचे कारण मला वाटते एवढेच की देव असले म्हणजे गोष्टीला रंग चढतो.

याच खेळावर एकेकाळी अमेरिकेत सैतानपूजेचा आरोप झाला, हे आज सांगितले तर नव्या खेळाडूंना थट्टा वाटते. १९७९ साली मिशिगनमधील विद्यापीठातून सोळा वर्षांचा एक हुशार विद्यार्थी नाहीसा झाला. तो हा खेळ खेळत विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत हरवला असावा असा तर्क त्याच्या शोधार्थ नेमलेल्या खाजगी गुप्तहेराने काढला आणि वृत्तपत्रांनी तो उचलला. मुलगा दुसरीकडे जिवंत सापडला. त्याची दुःखे वेगळी होती. पुढे १९८३ साली, मुलाच्या आत्महत्येने होरपळलेल्या एका मातेने या खेळाविरुद्ध संघटना काढली, १९८४ साली जॅक चिक नावाच्या ख्रिस्ती व्यंगचित्रकाराने या खेळातून मुली जारणमारणाकडे जातात असे दाखविणारी चित्रपुस्तिका छापली, आणि १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत कंपनीने राक्षस-सैतानांची सरळ नावे गाळून त्यांना अगम्य नवी नावे दिली. देवांची नावे कोणी गाळली नाहीत. गायगॅक्स हा स्वतः ख्रिस्ती, काही काळ तर यहोवाज विटनेसेस या कडक पंथातला. आणि ज्या ‘ड्रॅगनलान्स’च्या जगात देव माणसांना सोडून गेले आहेत अशी समजूत आहे, ते १९८४ साली उभे करणारा ट्रेसी हिकमन मॉर्मन पंथाचा निष्ठावंत अनुयायी. ओरड करणाऱ्यांचे अज्ञान उघडच आहे. तरी त्यांच्या भीतीत एक कण खरा होता असे माझे मत आहे: भूमिका घेणारा मनुष्य भूमिका उतरविल्यावर अगदी जसाच्या तसा परत येतो, ही आम्हा खेळाडूंची ग्वाही पूर्ण सत्य नाही.

आमच्यातला खरा आस्तिक म्हणजे माझा एक शाळासोबती. त्याच्या घरी पंढरीची वारी आहे, गळ्यात माळ आहे, एकादशी चुकत नाही. तो टेबलावर चोराची भूमिका करतो, आणि हा चोर निव्वळ देवळे लुटतो. मूर्तीच्या डोळ्यांतले हिरे काढताना तो जी मुक्ताफळे उधळतो ती माझ्यासारख्या नास्तिकाच्याही तोंडून सहजी निघणार नाहीत. मी पुजारी आणि तो देवळे लुटणारा, अशी ही अदलाबदल कोणी ठरवून केलेली नाही. एकदा सूत्रधाराने १९८० साली निघालेले ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’ हे जुने पुस्तक आणले. निरनिराळ्या संस्कृतींचे देव त्यात कोष्टकांत बसविले आहेत, आणि त्यांत आपले इंद्र, अग्नी, वरुण, यम, कालीही आहेत. प्रत्येकापुढे त्याचे हिट पॉइंट, म्हणजे किती घाव सोसल्यावर तो मरेल याचा आकडा. अभियंत्याने उत्साहाने सुचविले की पुढचे आख्यान आपल्याच मुलखात घडवू, चंद्रभागेच्या काठी. सगळ्यांनी माळकऱ्याकडे पाहिले. तो शांतपणे म्हणाला, “इंद्राला घे, अग्नीला घे, मी लुटतो त्यांना. विठोबाला आकडा घालायचा नाही.” का, असे कोणी विचारले नाही. मी विचारणार होतो, आणि विचारले नाही याचे आजही बरे वाटते.

फरगॉटन रेल्म्समध्ये नास्तिकाची जी गत होते तीही इथे सांगायला हवी. तिथे जो कोणत्याच देवाची चाकरी पत्करीत नाही त्याचा आत्मा मेल्यानंतर मृतांच्या नगरीच्या तटात चिणला जातो, आणि त्या तटावर वाढणारी बुरशी त्याला हळूहळू खाऊन टाकते. देव आहेत हे अमान्य करण्याची तिथे सोयच नाही. नाकारायची ती ताबेदारी. १९९४ साली आलेल्या ‘प्लेनस्केप’ या जगात ‘अथार’ नावाचा एक पक्षच आहे, ज्याचे म्हणणे असे की हे जे स्वतःला देव म्हणवितात ते बलाढ्य आहेत यात शंका नाही, पण बलाढ्य असणे म्हणजे पूज्य असणे नव्हे. आणि या मंडळींनी आपले ठाणे एका मोडलेल्या देवळात थाटले आहे. आगरकरांना हा पक्ष आवडला असता. त्या तटाविषयी मात्र आमच्या टेबलावर कोणी विनोद करीत नाही. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ज्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालण्यात आल्या, त्या पुलावरून आमच्यापैकी दोघे दर रविवारी खेळायला येतात. आणि दाभोलकर तर आपला विरोध देवाला नसून देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे असे शेवटपर्यंत सांगत राहिले होते.

गेल्या पावसाळ्यात सूत्रधाराने माझ्या पुजाऱ्याची सनद काढून घेतली. फरगॉटन रेल्म्सच्याच इतिहासात देव पृथ्वीवर लोटले गेल्याचा आणि पुजाऱ्यांच्या प्रार्थना विफल झाल्याचा एक कालखंड आहे. १९८९ च्या कादंबऱ्यांतून तो रंगविलेला आहे, आणि सूत्रधाराने त्याचाच आधार घेतला असावा. माझ्या पुजाऱ्याने पहाटे नेहमीप्रमाणे दरखास्त केली, आणि सूत्रधार म्हणाला, “काही होत नाही.” दुसऱ्या पहाटेही तेच. कारण सांगितले गेले नाही, अपराध दाखविला गेला नाही, दाद मागायला वरची कचेरी नव्हती. जखमेवर हात ठेवावा तर जखम तशीच. मी नियमांची पुस्तके धुंडाळली, पळवाट सापडली नाही. रविवारामागून रविवार असे गेले. अभियंत्याचा सल्ला व्यवहारी होता: हा पुजारी आता निरुपयोगी झाला आहे, त्याला निवृत्त करावे आणि नवा योद्धा घ्यावा. युक्तिवाद बिनतोड होता, आणि मी तो मान्य करण्यासाठीच तोंड उघडले, परंतु सूत्रधाराने “पहाट झाली. काय करतोस?” असे विचारताच मी म्हणालो की माझा पुजारी पूर्वेकडे तोंड करून बसतो आणि रोजची प्रार्थना म्हणतो. “काही होत नाही,” सूत्रधार म्हणाला. “ठाऊक आहे,” मी म्हणालो.

हे मी का केले याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही. पात्राचा स्वभावच तसा बनला होता, असे खेळाडूंच्या भाषेत सांगता येईल, आणि ते खोटे ठरणार नाही. पण इतक्या दिवसांच्या खेळात माझा पुजारी त्या क्षणी पहिल्यांदा मला परका वाटला; ज्याचे बोलणे-चालणे मी रचीत आलो होतो तो माझ्या आटोक्याबाहेरचे काहीतरी करीत होता, आणि ते मला कळत नसूनही खोटे वाटत नव्हते. खेळ संपल्यावर जिन्याने उतरताना मी माळकऱ्याला म्हटले, “उत्तर येत नाही आणि तरी हा रोज बसतो, हे फार विचित्र वाटतं रे.” तो पायरीवर चपला शोधीत होता. मान वर न करता म्हणाला, “आमचं रोजचंच आहे ते.”

माझ्या मतांत यामुळे काही फरक पडला, असे कोणी समजू नये. सृष्टीला कर्ता आहे असे मला आजही वाटत नाही, यंदाही आरतीला मी दाराशीच उभा होतो. पुरावा आणा, हे वाक्य मात्र हल्ली माझ्या तोंडून पूर्वीइतक्या सहजपणे निघत नाही. निदान चपला शोधणाऱ्या माणसापुढे तरी नाही. पुजाऱ्याची सनद अजून परत मिळालेली नाही आणि सूत्रधाराचा तसा काही विचारही दिसत नाही. अभियंता कामानिमित्त बंगळूरला गेला, डबी सोबत घेऊन गेला, आणि त्याची खुर्ची तेव्हापासून रिकामी आहे. वाचकांपैकी कोणाला यावयाचे असल्यास रविवारी तीन वाजता आम्ही बसतो. देव मानण्या-न मानण्याची अट नाही. फासे ज्याचे त्याने आणावेत.